'ब्रेक अ लेग': एका वाक्प्रचाराने अडलेल्या मुलीचं प्रकरण

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला नऊ दिवस उरले होते आणि नाटिकेतली सरपंच तालमीला येईनाशी झाली. सातवीतली मुलगी. पाण्याच्या टँकरवर बेतलेली बारा मिनिटांची इंग्रजी नाटिका मुलांनी स्वतःच रचली होती आणि सगळ्यात जास्त वाक्यं तिच्या वाट्याला होती. पहिल्या दिवशी निरोप आला, पोट दुखतंय. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली, पण तालमीच्या वेळी दप्तर आवरून निघाली. मी हटकलं तेव्हा मान खाली घालून म्हणाली, "बाई, दुसरं कुणाला तरी घ्या. मला नाही करायचं."

शाळा सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागात आहे. मी तिथे पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे माझ्या हाती येणाऱ्या मुलांना अक्षरं, शब्द, साधी वाक्यं येतात. पण ही भाषा त्यांच्या कानावर बाजारात, एसटीत, घरी कुठेच पडत नाही. ती त्यांना भेटते पुस्तकात आणि मोबाइलवर. पुस्तकात वाक्प्रचार आला की मी फळ्यावर त्याचा अर्थ लिहायचे, मुलं वहीत उतरवायची, घटक चाचणीत जोड्या लावायची. वाक्प्रचारामुळे एखादं मूल रडेल, किंवा हातात आलेली भूमिका सोडेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. म्हणून हे प्रकरण तपशिलाने लिहून ठेवते आहे.

घरी काय घडलं होतं

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आजी ओसरीवर लसूण सोलत बसली होती, मुलगी आत. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं आणि मग तिच्या आईने फोन आणून माझ्या हातात दिला. मुलीचा मामा न्यू जर्सीत असतो. त्याचा मुलगा, म्हणजे हिचा मामेभाऊ, हिच्यापेक्षा वर्षाने मोठा. आईने भावाला नाटिकेचं कळवलं होतं. त्यावर मामीच्या फोनवरून त्या मुलाने तीनच शब्द पाठवले होते: 'ब्रेक अ लेग'. पुढे एक उद्गारचिन्ह.

मुलीने खिशातला शब्दकोश काढून शब्द पाहिले होते. ब्रेक म्हणजे मोडणे, तोडणे. लेग म्हणजे पाय. तिने वही उघडून मला दाखवलं, दोन्ही शब्द अर्थांसह नीट लिहिलेले होते. "आणि 'अ' म्हणजे एक," ती म्हणाली. "एक पाय मोड." शब्दकोश बघायला मीच शिकवलं होतं. तिने काहीही चुकीचं केलं नव्हतं.

या वाचनाला मागचा एक धागाही होता. मे महिन्यात मामाकडची मंडळी आली होती, तेव्हा तो मुलगा हिच्या इंग्रजी उच्चारांना हसला होता. हिने तेव्हापासून मनात धरलं होतं. आता आपण इंग्रजी नाटिकेत मुख्य काम करतोय म्हटल्यावर तो पाय मोडायला सांगतो, असा तिने सरळ हिशेब मांडला. आजीने त्यात भर घातली. "शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणं मांडवाला आग लागली," ती मला म्हणाली. "बाई, पोरगं आपलंच की वं. मग असं वंगाळ का बोललं?" सुनेच्या माहेरचा पोरगा असल्यामुळे त्या प्रश्नाला थोडी धारही होती. आईची मधल्यामध्ये कुचंबणा झाली होती. भाचा असं बोलणार नाही हे तिला ठाऊक होतं, पण मग त्या शब्दांचा अर्थ काय, हे तिला सांगता येत नव्हतं.

माझं पहिलं उत्तर आणि ते का पुरलं नाही

मी हसून सांगितलं, अगं, हा वाक्प्रचार आहे, याचा अर्थ 'तुझं काम छान होऊ दे'. नाटकात उतरणाऱ्याला इंग्रजीत असंच म्हणतात.

तिने मान हलवली. शिक्षकांना ही मान चांगली ओळखीची असते. ऐकलं, पण पटलं नाही, अशी ती मान असते. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग त्याने सरळ 'ऑल द बेस्ट' का नाही लिहिलं? ते तर त्याला येतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणाले, "इंग्रजीत म्हणतात तसं." आता विचार केला की वाटतं, वाक्प्रचार शिकवताना यापेक्षा वाईट उत्तर नाही. त्यात मुलाला एवढंच कळतं की ही भाषा बोलणारी माणसं विचित्र आहेत, आणि आपल्याला ते विचित्रपण पाठ करायचं आहे. 'पाय मोड' आणि 'छान होऊ दे' यांच्यामध्ये जी दरी आहे तिच्यावरून मी तिला उडी मारायला सांगत होते. पूल माझ्याकडेही नव्हता.

मग मी आजीच्या ओसरीवरच आजूबाजूला पाहिलं. देवळीत नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या. मी विचारलं, "आजी, नारळ फोडला का?"

"फोडला न्हाई म्हणू बाई. वाढवला म्हणावं."

इथून वाट सापडली असं मला वाटलं. मी मुलीला म्हणाले, बघ, नारळ फुटतो, आपण वाढवला म्हणतो. बांगडी फुटली तर वाढवली म्हणतो. दुकान बंद करतात, म्हणतात दुकान वाढवलं. घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. सांगतो एक, असतं भलतंच, आणि तरी कुणाचा गोंधळ होत नाही. इंग्रजी माणूसही तसंच करतो.

मुलगी काही क्षण गप्प बसली आणि मग तिने मला अडवलं. तिचं ते वाक्य मी त्याच रात्री लिहून ठेवलं. "पण बाई, आपण वाईटाला चांगलं म्हणतो. तो तर चांगल्याला वाईट म्हणाला."

बरोबरच होतं तिचं. मी दाखवलेली उदाहरणं उलट्या दिशेची होती. अशुभ शब्द टाळण्याची आपली रीत आणि अशुभ शब्द मुद्दाम उच्चारण्याची रंगभूमीची रीत, दोन्हींच्या मुळाशी भीती एकच असली तरी चाल वेगळी. बारा वर्षांच्या मुलीने हा फरक पकडला आणि मी तो झाकायला निघाले होते.

उत्तर आजीकडे निघालं

मी आजीला विचारलं, "आजी, चांगलं व्हावं म्हणून मुद्दाम वाईट बोलायची रीत आपल्यात नाही का?"

आजीने लसणाची पाटी बाजूला सारली. तिच्या आईची दोन लेकरं लागोपाठ गेली होती. त्यानंतर जो मुलगा झाला त्याला दगडाचं नाव ठेवलं. "द्येवाला वाटावं, धोंडाच हाय, कशाला न्यावा. तसं नाव ठिवलं म्हणून जगला," आजी म्हणाली. गावात दगडू, धोंडू, केरू या नावांची म्हातारी माणसं अजून आहेत, मुलांनी ती पाहिलेली असतात. त्या नावांमागे अशी एखादी कहाणी असू शकते, हे मुलीला पहिल्यांदाच कळत होतं. सोन्यासारख्या लेकराला केर म्हणायचं, ते त्याला कुणी नेऊ नये म्हणून. तान्ह्या बाळाला नटवून झाल्यावर गालावर काळी तीट लावतात, तेही त्याच पोटी.

मुलीचा चेहरा बदलत गेला. मग ती आजीकडे वळून म्हणाली, "आजी, तू माझी दृष्ट काढताना बोटं मोडतेस. आणि शेजारच्या काकूंच्या नावानं पण बोटं मोडतेस."

आजी ओशाळली, पण मी खुर्चीतच ताठ बसले. इतकी वर्षं मराठी बोलून हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मायेने चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली की ती इडापिडा टळो म्हणून मोडलेली. कुणाच्या नावाने बोटं मोडली की तो शिव्याशाप. शब्द दोन्हीकडे तेच. कोण कुणासाठी, कुठल्या वेळी मोडतंय, यावरून अर्थ ठरतो. लहान मूलही त्यात चुकत नाही, कारण त्याने दोन्ही प्रसंग डोळ्यांनी पाहिलेले असतात.

"म्हणजे तो माझ्यासाठी बोटं मोडत होता," मुलगी म्हणाली.

मी त्यावर काही बोलले नाही. मला जे सांगायचं होतं ते तिने माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती तालमीला आली. रविवारी मामाकडे फोन झाला, त्याची हकीकत तिने सोमवारी सांगितली. मामेभावाने सांगितलं, त्याच्या शाळेत नाटकाआधी 'गुड लक' म्हणणं अपशकुनाचं मानतात, म्हटलं तर बाकीची मुलं ओरडतात. 'ब्रेक अ लेग' म्हणजे नाटकवाल्यांनी नाटकवाल्याला म्हणायचं वाक्य. तिला त्याने आपल्यातलं एक मानलं होतं, आणि तिला त्यात शाप दिसला होता. उच्चारांना हसल्याबद्दल त्याने माफी मागितली की नाही, हे मी विचारलं नाही.

वर्गात हे प्रकरण कसं नेलं

मुलीची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन मी ही गोष्ट वर्गापुढे मांडली. वर्गाला साहजिकच मूळ कथा हवी होती: हे म्हणायला सुरुवात कशी झाली?

इथे मोह फार असतो. या वाक्प्रचाराची एक झकास गोष्ट फिरते. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये अब्राहम लिंकन यांना गोळी घालणारा जॉन विल्क्स बूथ हा स्वतः नट होता. गोळी घालून त्याने सज्जातून रंगमंचावर उडी टाकली आणि त्याचा पाय मोडला, त्यावरून 'ब्रेक अ लेग' आलं, अशी ती गोष्ट. मुलांना ती सांगितली असती तर जन्मभर लक्षात राहिली असती. पण हा वाक्प्रचार शुभेच्छेच्या अर्थाने छापील मजकुरात दिसतो तो विसाव्या शतकात, १९२० नंतरच्या काळात. साठ वर्षं तो कुठे दडून बसला होता, याचं उत्तर त्या गोष्टीत नाही. शिवाय एका खुन्याच्या मोडलेल्या पायावरून शुभेच्छा का द्यावी, हा प्रश्न माझ्या वर्गातल्या एका मुलाने लगेच विचारला. मी मुलांना सांगितलं की ही गोष्ट रंजक आहे, पण खरी मानायला आधार नाही. धो धो पावसासाठी म्हणतात त्या 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'चीही अशीच गोष्ट पसरली आहे: गवताच्या छपरात झोपलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून खाली पडायची म्हणे. तीही टिकत नाही. इंग्रजीत हा पाऊस सतराव्या शतकापासून पडतो आहे, एवढं मात्र लेखी सापडतं.

कथेच्या जागी मी मुलांना शेजारपाजार दाखवला. जर्मन लोक शुभेच्छा देताना 'मान आणि पाय मोडो' असं म्हणतात. इटालियन लोक म्हणतात 'लांडग्याच्या तोंडात जा', आणि त्यावर उत्तर येतं, 'मरो तो'. हे ऐकल्यावर वर्गाचं मत असं पडलं की युरोपातल्या लोकांनाही दृष्ट लागण्याची भीती वाटते. मला हे मत कुठल्याही व्युत्पत्तीपेक्षा मोलाचं वाटलं.

पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही सातच वाक्प्रचार घेतले. आधी मी एका तासात दहा घ्यायचे.

सगळ्यात मोठा बदल क्रमाचा. पूर्वी मी वाक्प्रचार सांगून त्याचं शब्दशः चित्र काढायला लावायचे. मुलांना ते फार आवडायचं. ढगातून टपाटप पडणारी कुत्री, त्यांच्यामागून मांजरं, भिंतीवर तक्ते. महिन्याभराने चाचणी घेतली की ज्यांनी सगळ्यात सुंदर चित्रं काढली त्यांच्यातलीच काही मुलं अडखळायची. त्यांना कुत्री आठवायची, मांजरं आठवायची, पाऊस जोराचा होता हे आठवायचं नाही. मी त्यांच्या हातून चुकीचाच अर्थ रंगवून पक्का करून घेत होते. याची मला आजही खंत वाटते, कारण ती मुलं जीव लावून काम करणारी होती.

म्हणून या वेळी आधी प्रसंग. वाक्प्रचार अजून फळ्यावरही नाही. मी सांगितलं: तास चालू आहे, मागच्या बाकावरची मुलगी चिंच खातेय, बाईंनी पाहिलं, पण तिचा आज वाढदिवस आहे हे बाईंना माहीत आहे, म्हणून त्या फळ्याकडे वळल्या. बाईंनी काय केलं? वर्ग एका सुरात म्हणाला, "कानाडोळा केला!" मग तो शब्द सोडवला. कान नव्हे, मूळ शब्द काणाडोळा, आणि काणा म्हणजे एका डोळ्याने आंधळा. दिसत असून त्या बाजूचा डोळा आंधळा करून घ्यायचा. आता इंग्रजी: 'टर्न अ ब्लाइंड आय'. शब्दाला शब्द जुळला. मग १८०१ सालच्या कोपनहेगनच्या लढाईतली नेल्सनची आख्यायिका सांगितली. एका डोळ्याने अधू असलेल्या त्या आरमारी अधिकाऱ्याने माघारीची खूण बघायला दुर्बीण अधू डोळ्यालाच लावली आणि मला काही खूण दिसत नाही म्हणाला, असं सांगतात. मुलं ही आख्यायिका विसरतीलही, अर्थ विसरणार नाहीत, कारण तो गोष्टीच्या आधीच त्यांच्या तोंडून आला होता.

हे मी शोधून काढलेलं नाही. १९८९ साली क्रिस्टिना काच्चारी आणि मारिया कियारा लेव्होरातो या इटालियन संशोधकांनी सात आणि नऊ वर्षांच्या मुलांवर काम करून दाखवलं होतं की वाक्प्रचार गोष्टीच्या ओघात आला तर लहान मुलंही त्याचा लाक्षणिक अर्थ लावतात. सुटा दिला की शब्दशः अर्थाकडे जातात. आमच्या सरपंचाला मिळालेला निरोप तर अगदीच सुटा होता. तीन शब्द आणि एक उद्गारचिन्ह.

'वन्स इन अ ब्लू मून' घेतला तेव्हा मी विचारलं, क्वचित कधीतरी होणाऱ्या गोष्टीला घरी काय म्हणतात? "अवसंपुनवंला," एक मुलगा म्हणाला. कपिलाषष्ठीचा योग कुणाला ठाऊक नव्हता, तो मी सांगितला: तिथी, वार, नक्षत्र असं सगळं एका दिवशी जुळावं लागतं, म्हणून तो माणसाच्या आयुष्यात एखाद्याच वेळी येतो. मग निळा चंद्र. तो निळा नसतो. इंग्रजी एका महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला हल्ली ब्लू मून म्हणतात. हे किती दिवसांनी होतं? साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी, १९ वर्षांत सुमारे ७ वेळा. आकडा ओळखीचा वाटतो का, मी विचारलं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "धोंड्याच्या महिन्यासारखा." तसाच आहे. अधिक मासाचंही गणित तेच, कारण चंद्राचे महिने आणि सूर्याचं वर्ष यांचा मेळ बसत नाही. जावयाला अनारसे वाढणारा धोंड्याचा महिना आणि इंग्रजांचा निळा चंद्र एकाच वर शिल्लक राहिलेल्या पौर्णिमेतून आले, हे त्या मुलीने जुळवलं. तो तास मी इंग्रजीचा होता म्हणून नोंदवला, पण तो कुठल्या विषयाचा होता हे मला आजही सांगता येणार नाही.

पाय ओढणं आणि फिरकी घेणं

एका ठिकाणी मराठीने मदत करण्याऐवजी अडवलं, आणि ते सांगायलाच हवं. आपल्या भाषेतून परक्या भाषेकडे जायचं हे एकदा मुलांना जमलं की ती सगळीकडे तेच करू लागतात. 'ही इज पुलिंग माय लेग' हे वाक्य आलं. प्रसंग मी आधी सांगितला नाही, घाई केली. वर्गाने छातीठोकपणे सांगितलं: तो माझे पाय ओढतोय, म्हणजे मला पुढे जाऊ देत नाही, खेकड्यासारखा.

मराठीत पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. त्यात मत्सर आहे. इंग्रजी 'पुलिंग माय लेग' म्हणजे फिरकी घेणं, थट्टेने खोटंच काहीतरी पटवणं, आणि त्यात बहुतेक वेळा जिव्हाळाच असतो. शब्द अगदी सारखे, माणसांमधलं नातं उलटं. एखाद्या मुलाने मित्राच्या थट्टेला मत्सर समजावं, किंवा मत्सराला थट्टा समजावं, इतकं हे गंभीर होऊ शकतं. आमच्या सरपंचाचं दुखणं याच जातीचं होतं. म्हणून मी वहीत एक रकाना वाढवला: कोण, कुणाला, कधी. अर्थाचा रकाना त्यानंतर.

या रकान्याची किंमत लगेच कळली. एका मुलाचे आजोबा दिवाळीनंतर वारले होते. त्याने मोबाइलवर कुठेतरी यादी वाचून निबंधात लिहिलं, 'माय ग्रँडफादर किक्ड द बकेट'. अर्थ बरोबर होता: मरण पावणे. मी त्याला जवळ बसवून मराठीत विचारलं, आजोबा गेले हे तू कुणाला कसं सांगशील? तो म्हणाला, "वारले. देवाघरी गेले." मी विचारलं, "आणि गचकले म्हणालास तर?" तो एकदम गप्प झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाबरले, जरा जास्तच बोलले की काय. पण त्याने स्वतः खोडरबर घेऊन ते वाक्य पुसलं आणि लिहिलं, 'ही पास्ड अवे'. याद्या 'मरण पावणे' एवढंच सांगतात. तो शब्द नातवाच्या तोंडी शोभतो का, हे त्या सांगत नाहीत.

दोन गोष्टी वर्गाला पटकन समजल्या. एक, वाक्प्रचाराचे शब्द बदलता येत नाहीत. 'ब्रेक टू लेग्ज' म्हटलं तर शुभेच्छा दुप्पट होते का, असं एकाने विचारलं. दुसऱ्यानेच उत्तर दिलं: नाकी नऊ येतात, दहा येत नाहीत. दुसरी, काही इंग्रजी वाक्प्रचार आपल्याकडे केव्हाच राहायला आले आहेत. पेल्यातलं वादळ, पांढरा हत्ती, हिमनगाचं टोक. यातला हत्ती तर सयामहून, म्हणजे आताच्या थायलंडहून, इंग्रजीत गेला आणि तिकडून आपल्याकडे आला. मुलांना हे शब्द मराठीच वाटत होते.

चाचणीची पत्रिकाही मी बदलली. जोड्या लावा काढून टाकलं. तीन-चार ओळींचा प्रसंग देते आणि विचारते, इथे हा वाक्प्रचार म्हणता येईल का, आणि का. तपासायला दुप्पट वेळ लागतो. एका मुलाने लिहिलं की 'पीस ऑफ केक', म्हणजे अगदी सोपं काम, हे आईला म्हणता येईल पण मुख्याध्यापकांना म्हणू नये, कारण त्यांना वाटेल आपण फुशारकी मारतोय. त्याला मी पूर्ण गुण दिले.

स्नेहसंमेलन

नाटिका झाली. पडद्यामागे गर्दी होती, कुणाची साडी सुटत होती, टँकरचं पुठ्ठ्याचं चाक निखळलं होतं. आजी वाट काढत आत आली. तिने नातीच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले, आपल्या कानशिलांवर नेले आणि बोटं मोडली. कडकड आवाज आला. मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि रंगमंचावर गेली. एक वाक्य विसरली, पण सावरून घेतलं.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आम्ही सगळ्यात शेवटी घेतला, कारण त्याची मला धास्ती होती. प्रसंग सांगितला, वर्गाने 'मुसळधार' म्हटलं. मग मी विचारलं, मुसळ म्हणजे काय? पंचेचाळीस मुलांच्या वर्गात कुणालाच सांगता आलं नाही. आमच्याकडे तसला पाऊस फार थोडा पडतो, आणि मुसळ घरोघरी होतं तो काळ तर गेलाच. आपला वाक्प्रचार त्यांना इंग्रजी वाक्प्रचाराइतकाच बंद होता, फक्त ओळखीचा असल्यामुळे त्यांना तसं वाटलं नव्हतं. मी सांगितलं की वेल्श भाषेत म्हाताऱ्या बायका आणि काठ्यांचा पाऊस पडतो, ग्रीक भाषेत खुर्च्यांचे पाय पडतात. तेव्हा एकाने विचारलं, "मग आपल्यात मुसळं पडतात का बाई?"

आजीकडे निरोप धाडला. उखळ तिने कधीच देऊन टाकलं होतं, मुसळ मात्र माळ्यावर होतं. नात ते खांद्यावर घेऊन शाळेत आली, टोकाच्या लोखंडी कड्यासकट, म्हणजे वसवीसकट. मी सगळ्यांना रांगेने ते उचलायला दिलं. दोन्ही हातांनी वर उचलायचं आणि मैदानातल्या मातीत सोडायचं. धप्प असा आवाज यायचा आणि जमिनीत वाटोळी खूण पडायची. मुलं पुन्हा पुन्हा रांगेत येऊन उभी राहत होती. शेवटी मैदानाचा तो कोपरा खुणांनी भरून गेला आणि एक मुलगा खाली बसून त्या मोजायला लागला.